‘येतो’ म्हणून निघालेला विद्यार्थी : लखनौ, सिलोन आणि निरोपाची भाषा

लखनौच्या चारबाग स्थानकावरून कानपूरकडे जाणारा लोहमार्ग आणि त्याच दिशेने जाणारा कानपूर रस्ता ह्यांच्या काठाने शहर जेथे विरळ होत जाते, तेथे सरोजिनी नगर ही तहसील लागते. आलमबाग मागे पडते, अमौसीचे लहानसे स्थानक येते, विमानतळाची भिंत सुरू होते आणि पुढे बंथऱ्याकडे रस्ता मोकळा होतो. पाहण्यासारखे येथे फारसे काही नाही. इमामबाडे आणि दरवाजे ह्यांच्या वर्णनात रमलेल्या लेखकांनी ह्या भागाकडे लक्ष दिले नाही, ह्यात नवल नाही. तथापि लखनौ सोडून जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ह्या जागेला महत्त्व आहे, कारण त्याचे शहर येथे संपते. १३ मार्च १८५६ रोजी पदच्युत नबाब वाजिद अली शाह कलकत्त्यास जाण्यासाठी निघाला तो प्रथम कानपूरच्या वाटेने. पुढे आगगाडीच्या काळात सिलोनहून संगीत शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांना मद्रासकडे परतण्याचा सोयीचा मार्ग कानपूर-झाशीवरूनच होता. आणि आज लखनौत काही महिने उर्दू शिकून, एखाद्या कुटुंबात राहून, आपल्या देशी परत जाणारा विद्यार्थी अमौसीच्या विमानतळावर आपली पेटी उतरवतो.

अशा विद्यार्थ्याच्या जाण्याच्या घटकेस काय बोलले जाते आणि त्या बोलण्याने दोन्ही पक्षांवर कोणते बंधन पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो शिष्टाचाराचा विषय वाटतो. परंतु परक्या समाजात राहून केलेल्या अभ्यासाविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न अभ्यास चालू असताना उपस्थितच होत नाही. जे शिकले त्यावर आता अधिकार कोणाचा, शिकविणाऱ्याचा की घेऊन जाणाऱ्याचा, हा तो प्रश्न. तो निरोपाच्या वेळी प्रथम उभा राहतो. आणि भारतीय भाषांनी त्याची काही उत्तरे आपल्या रूढ शब्दांत फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालाच, तर घरातले वडीलधारे माणूस ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ असे टोकल्यावाचून राहत नाही. ‘जाणे’ ह्या क्रियापदाला मराठीत मरणाचा अर्थ इतका चिकटला आहे की उंबरठ्यावर ते उच्चारणे अशुभ ठरते. तुकारामांच्या नावावर असलेल्या निर्याणाच्या अभंगात हे टाळलेले क्रियापद उघडपणे येते, आणि त्याचा परिणाम होतो तो ह्याच कारणाने: रोजच्या व्यवहारात जो शब्द कोणी उच्चारू देत नाही, तो तेथे शांतपणे उच्चारलेला असतो. पुण्यात मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची ह्या प्रयोगापाशी हटकून गफलत होते. ‘येणे’ म्हणजे बोलणाऱ्याच्या जागेकडे सरकणे, असे त्याला शिकविलेले असते. आणि पाठ फिरवून निघालेला माणूस ‘येतो’ म्हणताना त्याला दिसतो. कोकणीतही असेच ‘येता’ म्हणून निघतात, आणि बंगालीत ‘आशि’ म्हणून. गुजरातीत वचन मागितले जाते ते दुसऱ्या बाजूने: निरोप देणारा जाणाऱ्याला ‘आवजो’ म्हणतो.

दक्षिणेकडे गेल्यास रचना बदलते. तमिळमधील ‘पोय् वरुगिरेन्’, कन्नडमधील ‘होगि बरुत्तेने’, तेलुगूमधील ‘वेळ्ळि वस्तानु’ ह्या तिन्हींचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. येथे जाणे लपविलेले नाही. ते धातुसाधित अव्ययाच्या रूपात खालच्या पायरीवर बसविले आहे, आणि वाक्याचे मुख्य क्रियापद येण्याला दिले आहे. सिंहली ही कुळाने आर्यभाषा; पण निरोपाच्या बाबतीत ती आपल्या द्राविड शेजाऱ्यांबरोबर उभी राहते. ‘गिहिन् एन्नम्’ म्हणजेही ‘जाऊन येतो’. मराठीत ‘जाऊन येतो’ हा प्रयोग आहे, पण तो मंडईत किंवा टपालकचेरीत जाणाऱ्याचा. वर्षभरासाठी परदेशी निघालेला माणूस तसे म्हणाला, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. हा फरक लहान नाही. मराठी आणि बंगाली वियोग झाल्याचे मान्यच करीत नाहीत. तमिळ आणि सिंहली तो मान्य करतात व त्याची मुदत ठरवितात.

लखनौची हिंदुस्तानी ह्या दोन्ही गटांत बसत नाही. तेथे जाणारा येण्याचे वचन देत नाही, तो ‘इजाजत’ मागतो. यजमानाने ती लगेच द्यावयाची नसते. आणखी एक पेला चहा, आणखी पाच मिनिटे, अशी ती लांबवावयाची असते. ‘चलते हैं’ म्हणावे तर ‘चलना’ ह्या क्रियापदाला जाण्याची दिशा नाही आणि येण्याचीही नाही. ‘खुदा हाफिज’ म्हणावे तर परतण्याची सारी जबाबदारी ईश्वराच्या रक्षणाकडे जाते. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात नाणे गुंडाळून ‘इमाम जामिन’ बांधण्याची चाल ह्याच विचाराची. जामीन राहावयाचे ते इमामाने; आणि प्रवासी सुखरूप पोहोचला की ते नाणे दान करून त्याने जामिनातून मोकळे व्हावयाचे. मराठी घरी निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, त्यात असा हिशेब नाही.

येण्याचे वचन, जाऊन येण्याची मुदत आणि जाण्याची परवानगी अशा निरोपाच्या ह्या तीन रीती एका विद्यालयात एकत्र आल्या होत्या. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांच्या पुढाकाराने आणि राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली ह्यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये लखनौस संगीत विद्यालय निघाले. प्रांताच्या गव्हर्नरच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाई. पुढे १९६६ मध्ये त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले, २००० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा, आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. वाजिद अली शाहच्या कैसरबागेतील परीखाना ही त्याची पुढे ओळख झालेली वास्तू. लखनौ सोडतानाच्या दुःखाशी ज्या भैरवीतील ठुमरीचे नाते लोकस्मृतीने जोडले आहे आणि जिच्यात सासरी निघालेल्या मुलीच्या रूपकाने बोलले आहे, ती ह्याच नबाबाच्या नावावर सांगितली जाते. निरोपाच्या गाण्याचा कर्ता मानल्या गेलेल्या माणसाच्या घरात परगावचे विद्यार्थी येऊन शिकू लागावेत, हा योगायोग इतिहासाने फुकट दिलेला आहे. त्यातून फार अर्थ काढू नये हे खरे.

विद्यालयाचे लखनौपण मात्र पातळ होते. भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे. १९२८ पासून सुमारे तीन दशके ज्यांनी प्राचार्यपद सांभाळले, ते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हेही मुंबईचे आणि बडोद्यास फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले. व्हायोलिन शिकविणारे विष्णू गोविंद जोग मूळचे वाईचे. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलहून के. जी. गिंडे अकरा वर्षांचे असताना येऊन रातंजनकरांच्या घरी राहिले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा भातखंड्यांचा चार भागांचा मूळ ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे, ही गोष्ट मराठीबाहेरच्या अभ्यासकांच्या ध्यानात सहसा राहत नाही. अवधमध्ये, उर्दूच्या शहरात, मराठी शिक्षकांनी मराठीत प्रथम मांडलेली पद्धती हिंदीतून शिकविली जात होती. आणि ती शिकावयास सिंहली बोलणारी मुले समुद्र ओलांडून येत होती.

ह्या पद्धतीचा जन्मही प्रवासातला. १९०४ मध्ये भातखंडे दक्षिणेत गेले, विद्वानांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून घेत हिंडले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांकडून त्यांना व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ ग्रंथाचा लाभ झाला. व्यंकटमखीची बहात्तर मेळांची कल्पना घेऊन ते परतले. उत्तरेच्या संगीतासाठी त्यांनी दहा थाट पुरेसे मानले. आज ज्याला आपण क्षेत्रीय अभ्यास म्हणतो, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. विद्यार्थ्याने परप्रांतातून आणलेली वस्तू जशीच्या तशी न ठेवता आपल्या घराच्या मापाने कापली. दक्षिणेच्या पंडितांनी त्याला त्यासाठी इजाजत दिली होती काय, असे कोणी विचारले नाही. हा प्रश्न पन्नासेक वर्षांनी दुसऱ्याच दिशेने विचारला जावयाचा होता.

ह्या ठिकाणी मराठीतील ‘निरोप’ ह्या शब्दाकडे वळले पाहिजे. त्याचे दोन अर्थ आज चालू आहेत आणि बोलणाऱ्याला ते एकमेकांपासून दूर वाटतात. निरोप घेणे-देणे म्हणजे वियोगाचा विधी, आणि निरोप सांगणे-पोचविणे म्हणजे तोंडी संदेश. जुन्या मराठीत त्याला तिसराही अर्थ होता: आज्ञा, अनुज्ञा. ‘गुरुचरित्रा’त शिष्य गुरूचा निरोप घेतो तेव्हा ह्या तिन्ही छटा एकत्र असतात. जाण्याची परवानगी मिळते, कोठे जाऊन काय करावयाचे ह्याची आज्ञा मिळते, आणि ती बरोबर न्यावयाचा संदेशच असतो. ग्रंथाच्या शेवटी स्वतः गुरूच गाणगापूर सोडून श्रीशैलाकडे निघतात, आणि आपण येथेच गुप्तरूपाने राहू असे भक्तांना सांगतात. मराठी ‘येतो’चे हे टोकाचे रूप म्हणावयास हरकत नाही. जाणारा येथे येण्याचे वचनसुद्धा देत नाही, तो गेल्याचेच नाकारतो.

संस्कृत परंपरेतही विद्यार्थ्याच्या पाठवणीचा विचार झालेला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील अकरावा अनुवाक हा घरी परतणाऱ्या स्नातकाला आचार्याने केलेला उपदेश असून आपल्या विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांतून त्याची वाक्ये वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत. पण त्यातील एक सूचना समारंभात सहसा ठळक केली जात नाही. आचार्य म्हणतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू उचलावीस, इतर नव्हेत. गुरूने येथे निवडीचा अधिकार निरोपातच शिष्याच्या हाती दिला आहे. चांगले कोणते आणि इतर कोणते हे ठरविताना तो शिष्याच्या शेजारी असणार नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील कचाची कथा ह्याच्या उलट बाजूची. देवांचा तरुण शत्रूच्या नगरीत जातो, शुक्राचार्यांकडे राहून संजीवनी विद्या मिळवितो, आणि व्रत पुरे झाल्यावर गुरू त्याला विसर्जित करतात. क्रियापद तेच, ज्यापासून आपले गणपतीचे ‘विसर्जन’ आले. गुरूचा निरोप निर्विघ्न पार पडतो. अडते ते गुरुकन्येपाशी. देवयानीशी विवाह करण्यास कच नकार देतो, तेव्हा ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कचाचे उत्तर प्रसिद्ध आहे: मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’ने (१९१३) ही कथा मराठी रंगभूमीवर आणली आणि खांडेकरांच्या ‘ययाति’तून (१९५९) कच मराठी वाचकांच्या घरात पोहोचला. रवींद्रनाथांनी तर ह्या प्रसंगावरील आपल्या संवादकाव्याला ‘विदाय-अभिशाप’ असेच नाव दिले. परक्या देशी शिकलेली विद्या स्वतः शिकणाऱ्याच्या हाती जशीच्या तशी चालणार नाही आणि दुसऱ्याला दिल्यावर मात्र चालेल, असे ह्या शापाचे आणि उत्तराचे मिळून होणारे सूत्र आहे. ते शापाच्या रूपात आले म्हणून आपण त्याकडे नियम म्हणून पाहत नाही, इतकेच.

सुनील शांत (१९१५–१९८१) हा गायक-रचनाकार ह्या संदर्भात आठवतो. जा-एल भागातील देहियागाथा गावच्या एका कॅथॉलिक कुटुंबात जन्मलेला हा सिंहली तरुण आधी शांतिनिकेतनात गेला, नंतर लखनौच्या विद्यालयात आला आणि १९४४ मध्ये विशारद होऊन परतला. परतल्यावर त्याने जन्मनाव टाकून ‘सुनील शांत’ हे नाव घेतले. हिंदुस्थानात शिकून आलेल्या माणसाने हिंदुस्थानी पद्धतीची गाणी रचावीत, अशी तेव्हाची रीत होती. सिंहली ‘नूर्ती’ नाटकांवर मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांच्या चालींचा प्रभाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होताच, आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवर हिंदी चालींत बसविलेले सिंहली शब्द विकले जात. सुनील शांतने नेमके हे सोडले. सिंहली भाषेच्या उच्चारांतील ऱ्हस्वदीर्घांतून, तिच्या बोलण्याच्या लयीतून चाल निघाली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. कुमारतुंग मुनिदासांच्या ‘हेल’ चळवळीचा भाषाविचार त्याच्यामागे होता. लखनौत मिळविलेल्या स्वरज्ञानाचा उपयोग त्याने लखनौसारखे न गाण्यासाठी केला.

१९५२ मध्ये रेडिओ सिलोनने आपल्या गायक-वादकांची परीक्षा घेऊन त्यांची प्रतवारी लावण्यासाठी रातंजनकरांना बोलावले. हिंदुस्थानातही त्याच सुमारास आकाशवाणीच्या कलावंतांच्या ध्वनिचाचण्या सुरू झाल्या होत्या; रातंजनकर त्या मंडळाचे प्रमुख होते आणि घराण्यांच्या कलावंतांनी त्याविरुद्ध जोराचा आवाज उठविला होता. कोलंबोत सुनील शांत परीक्षेला बसला नाही. सिंहली संगीताची योग्यता उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या मापाने ठरविली जाऊ नये, ही त्याची भूमिका होती. तिची किंमत त्याला मोजावी लागली. नभोवाणीचे दार त्याला बंद झाले, आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या ह्या गायकाला पोटासाठी इतर उद्योग करावे लागले.

ह्या प्रसंगाकडे सिंहली लेखनात बहुधा राष्ट्रीय अस्मितेच्या दृष्टीने पाहिले जाते आणि मराठी संगीतलेखनात त्याकडे पाहिलेच जात नाही. रातंजनकरांच्या शिस्तीविषयी, त्यांनी ‘सुजन’ ह्या नावाने केलेल्या बंदिशींविषयी, त्यांच्या शिष्यप्रेमाविषयी मराठीत आदराने लिहिले गेले आहे आणि तो आदर रास्तच आहे. पण त्यांच्याच विद्यालयातून विशारद झालेला एक माणूस त्यांच्यासमोर परीक्षेला उभा राहण्याचे नाकारतो, ही घटना त्यांच्या चरित्राचा भाग आहे, निव्वळ सिलोनच्या इतिहासाचा नव्हे. ती बंडखोरी म्हणून वाचणे सोपे आहे. ‘निरोप’ शब्दाच्या अर्थांतून ती वाचली तर वेगळी दिसते. १९४४ मध्ये विद्यालयाने विद्यार्थ्याला पदवी दिली म्हणजे जाण्याची अनुज्ञा दिली. आठ वर्षांनी त्याच विद्यालयाचा प्राचार्य त्याच्या दारी येऊन विचारतो की आम्ही दिलेला संदेश तू बरोबर सांगतोस काय. एका बाजूला निरोप म्हणजे मोकळीक, दुसऱ्या बाजूला निरोप म्हणजे शब्दशः पोचवावयाचा सांगावा. दोघेही आपापल्या अर्थाला प्रामाणिक होते. त्यातही शिक्षावल्लीचा आचार्य विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष देईल आणि १९०४चे भातखंडेही देतील, असे म्हणावेसे वाटते. कारण दक्षिणेतून परतताना त्यांनी हेच केले होते.

सरोजिनी नगर हे नाव घेताना सरोजिनी नायडूंचे स्मरण सहजच होते. स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताच्या त्या पहिल्या राज्यपाल, आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौतच त्यांचे निधन झाले. परदेशी शिकून परतलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी त्यांचाही संबंध आहे. १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि केंब्रिजच्या गर्टनमध्ये शिकल्या आणि १८९८ मध्ये परतल्या. इंग्लंडमध्ये एडमंड गॉस ह्या समीक्षकाने त्यांच्या सुरुवातीच्या कविता वाचून सल्ला दिला की इंग्रजी पक्षी आणि इंग्रजी निसर्ग सोडून द्या, आपल्या देशाचे लिहा. ‘द बर्ड ऑफ टाइम’ (१९१२) ह्या संग्रहाच्या प्रस्तावनेत गॉसनेच ही हकीकत सांगितली आहे. येथे परका गुरू म्हणतो, आमच्यासारखी लिहू नकोस. कोलंबोत परका गुरू विचारणार होता, आमच्यासारखे गाता येते काय. पहिला सल्ला उदार वाटतो आणि दुसरी परीक्षा जाचक, परंतु अस्सल भारतीय कविता कशी असते हे ठरविण्याचा अधिकार गॉसने स्वतःकडेच ठेवला होता, हे विसरता येत नाही. त्याने सुचविलेला ‘भारत’ इंग्रजी वाचकाला हवा असलेला भारत होता. सरोजिनीबाईंच्या कवितेवर पुढे जे आक्षेप आले त्यांचे मूळ काही अंशी ह्या निरोपात आहे. कोलंबोचा नकार त्या मानाने अधिक स्वच्छ होता. सिंहली गाणे कसे असावे हे सिंहली माणसानेच सांगितले.

मात्र नकार हाच एक मार्ग होता असे नाही. कोलंबोतील परीक्षेनंतर काही वर्षांतच डब्ल्यू. डी. अमरदेव (१९२७–२०१६) लखनौस आले. त्यांनी रातंजनकरांकडे शिक्षण घेतले आणि व्हायोलिन विष्णू गोविंद जोगांकडे. ‘अमरदेव’ हे नावही घेतलेले, नाटककार एदिरिवीर सरच्चंद्र ह्यांनी दिलेले. परतल्यावर त्यांनी रागसंगीत टाकले नाही आणि त्याची नक्कलही केली नाही. सिंहली लोकगीतांच्या चाली, महागम सेकर ह्यांच्यासारख्या कवीचे शब्द आणि लखनौची स्वरांची तयारी ह्यांतून त्यांनी जे गाणे घडविले, ते ऐकताना लखनौचे कोणते आणि लंकेचे कोणते हे वेगळे काढणे अवघड जाते. १९७२ मध्ये मालदीवच्या राष्ट्रगीताला त्यांनी चाल दिली. २००१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाईच्या एका मराठी शिक्षकाकडून अवधमध्ये शिकलेल्या सिंहली माणसाची चाल तिसऱ्याच देशाचे राष्ट्रगीत होते. कचाने दिलेले उत्तर ह्याहून शब्दशः खरे झाल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

सुनील शांत आणि अमरदेव ह्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून एकाला खरा आणि दुसऱ्याला तडजोड करणारा ठरविण्याची सवय टीकेला आहे. ती टाळलेली बरी. दोघांनी लखनौ सोडले ते वेगवेगळ्या काळात. पहिला परतला तेव्हा देश पारतंत्र्यात होता आणि नभोवाणीवरचे सिंहली गाणे अजून घडावयाचे होते. दुसरा परतला तेव्हा ‘मनमे’ नाटकाने (१९५६) सिंहली रंगभूमीला परंपरेचा नवा आत्मविश्वास दिलेला होता, आणि परक्या विद्येची भीती कमी झाली होती. घरची स्थिती बदलली की निरोपाचा अर्थही बदलतो. निघताना दिलेले वचन तेच असते, पण ते कोणत्या घरी जाऊन पाळावयाचे हे निघताना कळत नाही.

लंकेत आज हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताला ‘रागधारी’ संगीत म्हणतात. शाळांच्या संगीताच्या पुस्तकांत सिंहली लिपीत भातखंड्यांची स्वरलिपी छापलेली असते, आणि लखनौच्या भातखंडे विद्यापीठाच्या विशारद परीक्षेला बसणाऱ्यांच्या पिढ्या तेथे होऊन गेल्या. ह्या परीक्षांना बसणारी मुले सुनील शांतची गाणी म्हणतच मोठी झालेली असतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही.

ज्या वाटेने हे विद्यार्थी येत-जात ती वाट मात्र राहिली नाही. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून बोट मेल धनुष्कोडीपर्यंत जाई, तेथून बोटीने तलैमन्नार आणि पुन्हा आगगाडीने कोलंबो. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी आणि तिचा लोहमार्ग वाहून गेला. बोटी पुढे काही वर्षे रामेश्वरम् येथून चालल्या आणि १९८०च्या दशकात त्याही थांबल्या. लखनौच्या बाजूने चारबाग तसेच आहे, अमौसीचे स्थानकही आहे. परंतु २०१९ पासून मुन्शी पुलियाहून थेट विमानतळापर्यंत मेट्रो धावते, आणि परदेशी विद्यार्थ्याची पाठवणी आता बहुधा सरोजिनी नगरच्या हद्दीतच होते. आगगाडीच्या फलाटावर पोचवावयास आलेली माणसे शेवटच्या शिटीपर्यंत खिडकीपाशी उभी राहत. विमानतळाच्या दारात तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते, पोचविणारा बाहेर राहतो आणि जाणाऱ्याला काचेतून हात हलवावा लागतो. इजाजत लांबविण्याची लखनवी रीत ह्या दारात चालत नाही. तेव्हा ती घरीच, निघण्यापूर्वी, चहाच्या दुसऱ्या पेल्याबरोबर उरकून घेतात. आणि दंडावर नाणे बांधलेले असेल तर सुरक्षा-तपासणीच्या यंत्राशी ते काय आहे हे सांगण्याची तयारीही जाणाऱ्याने ठेवलेली बरी.